पुरातली नव्हे, किनाऱ्यावरची: एका जुन्या जिप्सीची गंजतपासणी

प्रकरण एका मारुती जिप्सीचं आहे. २०१२ चं मॉडेल, पेट्रोल, एमपीएफआय म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनचं इंजिन, कापडी हूड, एमएच ०८ म्हणजे रत्नागिरी पासिंग. कोल्हापुरातल्या एका एजंटाकडे विकायला आलेली, मागणी ३ लाख ४० हजार. घेणारे पन्हाळा तालुक्याच्या पश्चिम अंगाचे ऊस-भात करणारे शेतकरी. त्यांना सगळा गाव तात्या म्हणतो, इथंही तात्याच म्हणतो. पावसाळ्याचे चार महिने त्यांच्या वस्तीच्या वाटेवर ट्रॅक्टरशिवाय दुसरं काही चालत नाही, आणि रात्री-अपरात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं तर ट्रॅक्टर काढायचा का? म्हणून फोर व्हील ड्राईव्ह, आणि खिशाला झेपणारी म्हणून जुनी.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात चॅसिस (गाडीचा भार वाहणारा खालचा सांगाडा) आणि बॉडीच्या फॅब्रिकेशनची कामं करतो. विसार द्यायच्या आधी गाडी दाखवायला येणारे थोडे, विसार देऊन येणारे फार. तात्या आधी आले, हे त्यांचं नशीब म्हणा किंवा त्यांच्या मंडळींचा धाक म्हणा. सोबत मुलगा होता. त्याचं गाडीवर मन बसलं होतं. गाडी होतीच तशी: हिरवा रंग चकाचक, नवी सीट कव्हरं, पुढं जाड बंपर, टायर अर्ध्याच्या वर शिल्लक.

तात्यांचा पहिला प्रश्न कोल्हापुरातला प्रत्येक माणूस विचारतो तोच. "मिस्त्री, पुरातली न्हाई न्हवं?"

प्रश्न चुकीचा नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. २०१९ ला आणि परत २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली होता, शहरात किती गाड्या बुडाल्या ते इथल्या माणसाला सांगायला नको. तेव्हापासून एजंट लोकही गाडी दाखवताना पहिलं वाक्य तेच बोलतात. हाही बोलला, "पुरातली न्हाई, लिहून देतो." आणि तो खरं बोलत होता. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघितला, आतल्या टोकाला गाळाची रेघ नव्हती. मागच्या लाईटच्या कपात माती नव्हती. डॅशबोर्डखालचे वायरिंगचे सॉकेट उघडून बघितले, पिना स्वच्छ. गाडी पुरात बुडालेली नव्हती.

पण पूर येतो आणि ओसरतो. गाडी रत्नागिरी पासिंगची होती, आणि समुद्र ओसरत नाही.

हवेतलं मीठ पत्र्याला काय करतं ते थोडं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. लोखंड गंजायला पाणी आणि ऑक्सिजन पुरतो. मीठ त्या पाण्याला वीज वाहायला लायक करतं आणि क्लोराईड रंगाखालचा संरक्षक थर फोडत राहतो. शिवाय मीठ हवेतली ओल ओढून धरतं, त्यामुळे पाऊस थांबून महिने झाले तरी सांध्यातला पत्रा पुरता सुकत नाही. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. दोन पत्रे जिथं एकमेकांवर स्पॉट वेल्डिंगनं जोडलेत तिथं तो आतून फुगतो आणि पत्रे उचलतो. बाहेर रंगाला फोड दिसायला लागेपर्यंत आतलं काम बरंच उरकलेलं असतं. गाडी घाट चढून कोल्हापूरच्या कोरड्या हवेत आली म्हणून हे थांबत नाही, कारण मीठ सांध्यात बसूनच वर येतं.

गाडी एजंटाच्या अंगणात न बघता माझ्याकडं, खाली उभं राहून बघता येतं त्या खड्ड्यावर आणायला लावली. धुऊन आणू नका असंही सांगितलं होतं, तरी धुऊनच आणली. ओल्या गाडीवर रंगाचा फरक कळत नाही, म्हणून ती वाळेपर्यंत इंजिन बघितलं. इंजिन खरोखर चांगलं होतं. १३०० सीसीचं सोळा व्हॉल्व्हचं, थंडीत एका सेल्फला सुरू, धूर नाही, आवाज एकसारखा. फोर व्हील टाकून, लो गिअरला घालून समोरच्या चढावर नेली. ट्रान्स्फर केसचा, म्हणजे चारही चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीचा, गुरगुराट जिप्सीला असतो तेवढाच. एजंट म्हणाला, "इंजिन बघा की मिस्त्री, लोणी हाय." मुलाचा चेहरा खुलला.

माझं मत इथंच सांगून टाकतो. जुन्या जिप्सीचं इंजिन मी सगळ्यात शेवटी बघावं म्हणतो. ते बांधून मिळतं, गिअरबॉक्स मिळतो, हब मिळतात. कोल्हापुरात लेथ आणि ओतकामाची कमी नाही. सामान्य गिऱ्हाइकासाठी जिप्सी आता बनत नाही, म्हणजे चांगली चॅसिस आता जुन्या गाडीखालीच मिळणार. आणि चॅसिस बदललीच तर तिच्यावरचा नंबरही बदलतो. आरटीओच्या मंजुरीशिवाय ती गाडी कागदावर तुमची राहत नाही.

बाहेरचं फार वेळ घेणारं नव्हतं. फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक दारांच्या खालच्या कडेनं फिरवलं. उजव्या दाराला धरलं, डाव्या दाराच्या मागच्या कोपऱ्यात सुटलं. मागच्या दोन्ही चाकांच्या कमानींवर तर ते नुसतंच घसरत होतं. तिथं पत्र्यावर लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली. रंगाची जाडी मोजायचं यंत्र माझ्याकडं आहे. बॉनेटवर आकडा १२० मायक्रॉनच्या आसपास आला, कंपनीच्या रंगाला तो शोभतो. कमानीवर ९०० च्या पुढं. लांबी म्हणजे लगेच गंज असं नाही, ठोकरही असू शकते. पण दोन्ही बाजूंना, एकाच उंचीवर, कमानीच्या आतल्या कडेलगत ठोकर कशी बसेल? चिखल आणि वाळू साठते ती जागा हीच. पुढच्या काचेच्या चौकटीच्या बुडाशी, रबराच्या कडेला, तीन-चार बारीक फोड होते. एकावर नखानं दाबलं तर पापुद्रा निघाला आणि खाली तपकिरी भुगा.

काचेच्या बुडाचा फोड दिसला की मी थेट पायाखाली बघतो, कारण तिथून झिरपलेलं पाणी कापडी हूडच्या गाडीत मॅटिंगखालीच जाऊन बसतं.

"मॅटिंग काढू नका, गम लावलाय, फाटंल," एजंट म्हणाला.

तात्या त्याला म्हणाले, "फाटलं तर मी भरून देतो, भावा. काढू दे त्येला."

ड्रायव्हरच्या बाजूनं मॅटिंग उचललं. खाली जाड काळी शीट, डांबराची, आवाज कमी करायला लावतात तसली. कडा नव्या होत्या, धूळही बसली नव्हती. बारा वर्षांच्या कोकणातल्या गाडीत पायाखाली धूळ नाही हे जरा विचित्रच. शीटवर अंगठा दाबला तर ती खाली गेली आणि हळूहळू वर आली. पत्रा असा दबत नाही. क्लचच्या पेडलखालून शीटची कड उचलून स्क्रू ड्रायव्हर टेकवला. ठोकला नाही, नुसता टेकवून हाताचं वजन दिलं. तो मुठीपर्यंत आत गेला. खड्ड्यात उभा असलेला माझा पोरगा खालून ओरडला, "दादा, टोक दिसालंय!" खालच्या बाजूनं तिथं काळा रंग आणि त्याच्या आत फायबरची जाळी होती. म्हणजे गंजलेला पत्रा काढलाही नव्हता. वरून शीट, खालून जाळी, मध्ये भुगा. तात्यांचा मुलगा तोवर सीटचं कव्हर चाचपत होता, तो खाली उतरला.

फ्लोअर गेला म्हणून मात्र मी गाडी नाकारत नाही. फ्लोअर म्हणजे पत्रा. कापायचा, १८ गेजचा नवा बसवायचा, सांध्यात सीलर भरायचा. बॉडी चॅसिसवर बोल्टनं बसलेली असते, ती गाडीचा भार वाहत नाही. भार वाहते ती चॅसिस, आणि जिप्सीच्या चॅसिसचे दोन्ही लांब दांडे बंद चौकोनी पेटीसारखे आहेत. उघड्या सी-चॅनलचं दुखणं डोळ्याला दिसतं. बंद पेटीत पाणी आणि माती भोकांतून आत जाते, निचऱ्याची भोकं गाळानं बुजतात, आणि पेटी आतून बाहेर गंजत येते. बाहेरचा रंग शेवटपर्यंत शाबूत राहू शकतो.

इथं रंग तर नवाच होता. काळाकुळकुळीत, वास मारत होता. चॅसिसला रंग दिला यात गैर काय, असं एजंटानं विचारलं. उत्तर रंगातच होतं: तो पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) रबरी बुशांवर होता, ब्रेकच्या पाईपवर होता, नटांच्या आट्यांत भरला होता, एका जागी वायरिंगच्या पट्टीवरही. चॅसिस घासून, प्रायमर मारून केलेल्या रंगात हे होत नाही. गाडी रॅम्पवर चढवून धुळीवरच फवारा मारला की होतं. कोकणातला जुना, जपणारा मालक काय करतो ते मी बघितलंय. पावसाळ्याच्या तोंडावर तो जळकं ऑईल फासतो. दिसायला घाण, त्यावर धूळ चिकटून पापडी होते, अंगावर पडलं तर शर्ट जातो. पर्यावरणाच्या दृष्टीनंही ते बरं नाही. पण तसली ओंगळ चॅसिस खरवडली की खाली बहुतेक वेळा चकचकीत लोखंड निघतं. विकायच्या आठवड्यात काळी झालेली चॅसिस बघितली की मी हातोडी हातात घेतो.

हातोडी लहान, पाव किलोची. पुढच्या क्रॉस मेंबरपासून, म्हणजे दोन दांडे जोडणाऱ्या आडव्या पट्टीपासून, मागं सरकत टकटक करत जायचं. पुढं आवाज टणक, घंटेच्या अंगानं जाणारा. ट्रान्स्फर केसच्या खाली तसाच. मागच्या पाट्या जिथं चॅसिसला टांगतात तो शॅकलचा ब्रॅकेट जवळ आला तसा डाव्या दांड्याचा आवाज बसला. टणकचं थप झालं. हातभर लांबीत थप, मग पुन्हा थोडं टणक, पण वेगळं टणक, जाड. त्या जागी रंग खरवडला. आतून चौकोनी पट्टी निघाली, चार एमएमची, दांड्याच्या खालच्या अंगाला वेल्डिंग केलेली, तीन बाजूंनी. चौथ्या बाजूला, वरच्या अंगाला, जिथं हात पोचत नाही तिथं, वेल्डिंगच नाही.

पॅच मारला म्हणजे मजबूत झालं, असं एजंटाचं म्हणणं. मी रोज वेल्डिंग करतो म्हणून सांगतो: पातळ झालेल्या लोखंडाला जाड पट्टी जोडली की वेल्डिंगच्या कडेलाच नवं तुटण्याचं ठिकाण तयार होतं. आणि त्या उष्णतेनं पेटीच्या आतला उरलासुरला रंग जळून जातो. तिथं नंतर ब्रश पोचत नाही, त्यामुळे पॅचच्या पाठीमागून गंज नव्या जोमानं सुरू होतो. बाहेरून पॅच छान दिसतो.

मग मोबाईलला जोडायचा एंडोस्कोप कॅमेरा निचऱ्याच्या भोकातून आत सारला. हजारभर रुपयांची वस्तू आहे, जुन्या फोर व्हीलच्या मागं लागलेल्यानं विकतच घ्यावी. पडद्यावर दांड्याच्या आतली बाजू दिसली. भिंतीवर पापड वाळत घातल्यासारखे गंजाचे थर, काही गळून तळाशी पडलेले, आणि त्यांत माती. माती तांबडी, जांभ्याची. पंचगंगेच्या पुराचा गाळ काळपट आणि पिठासारखा बारीक असतो. ही रवाळ होती. पाट्यांच्या फटीतून सुईनं काढलेल्या मातीत पांढरी वाळू आणि शिंपल्याचे कण निघाले. एजंट सुरुवातीला म्हणाला होता, गाडी बागायतदाराची, समुद्रावर कधी नेलीच नाही. ते कण मी तात्यांच्या तळहातावर ठेवले आणि काही बोललो नाही. तेच बोलले, "बागंत शिंपलं कुठनं आलं रं?"

उरलेलं भराभर झालं. ब्रेकचा मागचा लोखंडी पाईप क्लिपच्या खाली खाल्लेला, हे घेतली तरी पहिल्या दिवशी बदलायचं काम. पेट्रोल टाकीचा वरचा भाग कॅमेऱ्यानं बघितला, बरा होता. अॅक्सलच्या नळीवर तांबूस गंज होता, त्याकडं मी ढुंकूनही बघितलं नाही. जाड लोखंडावरचा असला वरवरचा गंज वायर ब्रशनं जातो आणि नसता गेला तरी गाडी त्यानं मोडत नाही. मुलाला मात्र तोच सगळ्यात भयंकर वाटला होता. चॅसिस नंबर साफ करून त्यावर कागद धरला आणि पेन्सिल घासली. सतराच्या सतरा अक्षरं-आकडे उमटले. हा ठसा मालकी बदलताना लागतो. नंबरच गंजानं खाल्लेला असेल तर बाकी गाडी सोन्याची असली तरी पुढं बोलू नये.

आता पैसे. बॉडी उतरवणं, चॅसिसच्या मागच्या भागाचे दोन्ही दांडे कापून योग्य जाडीची पेटी घालणं, ते सरळ राहावेत म्हणून जिगवर (पक्क्या साच्यावर) बांधणं, फ्लोअर दोन्ही बाजूंनी, काचेच्या चौकटीचं बूड, कमानी, रंग: माझा अंदाज सव्वा लाखाचा निघाला, आणि गाडी दीड-दोन महिने माझ्याकडं. उजवा दांडा डाव्यापेक्षा बरा होता, पण एका बाजूचा नवा आणि एका बाजूचा अर्धा खाल्लेला असं मी करून देत नाही. तात्यांनी त्या हिशेबानं २ लाख १० हजार देऊ केले. एजंट हसला. त्याचंही खोटं नव्हतं. असली गाडी ३ लाखांना घेणारा त्याला मिळणार होता आणि आठवड्याभरात मिळालाही. त्या घेणाऱ्यानं गाडी मला दाखवली नव्हती.

एक शंका तात्यांच्या मुलानं काढली, ती रास्त होती. आपण रानात वीसच्या वेगानं चालवणार, मग चॅसिस एवढी कशाला बघायची? उत्तर असं, की रानातच ती जास्त बघायची. सपाट रस्त्यावर चारही चाकांवर वजन सारखं असतं. बांध ओलांडताना एक चाक वर, एक खाली जातं आणि चॅसिस पिळली जाते. तो पीळ सगळ्यात आधी पाट्यांच्या ब्रॅकेटपाशी पोचतो. गाडीचा पॅच नेमका तिथंच होता.

दुसरी गाडी महिन्याभरानं सापडली. २०१४ ची जिप्सी, एमएच १३, सोलापूरकडची. दिसायला अगदी कळाहीन: रंग उन्हानं उडालेला, हूड दोन ठिकाणी शिवलेला, डावं दार चेपलेलं, मागच्या अॅक्सलच्या सीलमधून तेल. मागणी ३ लाख १०. मुलगा तर ती बघायला आमच्या गाडीतून उतरेना. चॅसिसखाली वर्षानुवर्षांची काळी, वाळलेली माती होती. ती पाण्याच्या प्रेशरनं न काढता आधी हातानं खरवडली, म्हणजे खाली काय आहे ते तसंच दिसतं. कंपनीचा रंग, जागोजाग घासलेला. हातोडी पुढून मागपर्यंत एकाच सुरात. कॅमेऱ्यात दांड्याच्या आत धूळ आणि एक मेलेली पाल.

तरी ती निष्कलंक नव्हती, आणि इथली एक खूण कोल्हापूर-सांगलीकडच्या वाचकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. मागच्या फ्लोअरवर, बाकड्याखाली, गंजाचे वर्तुळाकार डाग होते, दोन ठिकाणी पत्रा आरपार. समुद्रापासून इतक्या लांब हे कसं? मालकाला विचारलं, मागं काय वाहत होता? खत. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराईड, मिठाचा सख्खा भाऊ. पोतं फाटून सांडलं, वरून हूड गळला, की मागचा पत्रा रत्नागिरीत असल्यासारखा गंजतो. शेतकऱ्याच्या गाडीत पुढच्यापेक्षा मागचं मॅटिंग आधी उचलावं ते यासाठी. इथं ते पाणी चॅसिसपर्यंत पोचलं नव्हतं. खाली क्रॉस मेंबरवर डाग होता, खरवडल्यावर खाली लोखंड निघालं.

सौदा २ लाख ७५ हजारांना झाला. त्यावर मागचा फ्लोअर, सील, ब्रेक पाईप आणि हूड मिळून चाळीस हजारांच्या आत बसले. सगळी निचऱ्याची भोकं तारेनं मोकळी केली, दांडे आतून धुऊन चार दिवस उन्हात वाळवले आणि लांब नळीनं आत कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे पोकळीत मारायचं गंजरोधक मेण, मारलं. हे वाळल्यावरच मारायचं. ओलीवर मारलं तर ओल आत कोंडते. वरून डांबर कोटिंग करा म्हणून तात्या मागं लागले होते. मी केलं नाही. कडक डांबराला तडा गेला की त्यामागं पाणी शिरतं आणि वरून काही कळत नाही, आणि पुढच्या वर्षी मला ही चॅसिस उघडी बघायची आहे.

फॉर्म २९ आणि ३० भरून गाडी तात्यांच्या नावावर झाली. नोंदणीची १५ वर्षं २०२९ मध्ये भरतील, तेव्हा नूतनीकरणासाठी गाडी आरटीओत उभी करावी लागेल, म्हणजे चॅसिस तोवर आणि त्याच्या पुढंही टिकली पाहिजे. मुलानं रंगासाठी वीस हजार बाजूला काढलेत. खताची पोती मागं टाकू नका म्हणून मी सांगितलं, ते काही तात्यांनी ऐकलं नाही. खाली ताडपत्री अंथरायची, एवढं कबूल केलंय.